एकदाच बरोबर

“काय सिग्नलमन, आज वहिनींनी एकट्यालाच सोडलं?” पोस्टमननं विचारलं, आणि सिग्नलमनच्या तोंडून सहज निघून गेलं, “घरी आहे. गुडघा धरलाय तिचा.” पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन. गुडघ्यांना बरं असतं असं कुणीतरी डोक्यात भरवून दिल्यापासून हा माणूस ट्रॅकवर उलटा चालतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाशी तोंडासमोर गप्पा मारत राहतो. चार महिने मुलाकडे राहून तो परवाच परतला होता. त्याला काही माहीत नव्हतं. “मग त्यांनाही उलटं चालायला सांगा की! माझ्याकडे बघा, घोडा झालोय घोडा,” असं म्हणत, हसत, मागे मागे सरकत तो वळणाआड गेला. सिग्नलमन कालव्याचा कठडा धरून उभा राहिला. खोटं बोलल्याचं त्याला तसं काही वाटलं नाही. बायको गेली, कशी गेली, किती दिवस दवाखान्यात होती, हे सांगत बसायचा कंटाळा येतो, मग माणूस काहीतरी ठोकून देतो. तो हादरला तो दुसऱ्याच गोष्टीनं. खोटं किती तयार निघालं! गुडघ्यासकट. समोरच्यानं विचारायचा अवकाश, आतल्या कुणीतरी घडी घालून ठेवलेलं उत्तर काढून हातात दिलं. म्हणजे उद्याही असंच होणार, असं त्याच्या मनात आलं.

उद्या अकरा वाजता त्याला पोलीस चौकीत जबाब द्यायचा होता. पहिल्या वेळी, दवाखान्याच्या जिन्यात, साहेबांनी त्याला फार छळलं नव्हतं. “मला काही कळलं नाही हो,” एवढंच तो म्हणाला होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून साहेबांनी वही मिटली होती. पण आता बायको राहिली नाही म्हटल्यावर प्रकरण वाढलं. तिला धडकलेल्या सायकलवालीवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार की नाही, हे सिग्नलमनच्या जबाबावर होतं. दुसरा साक्षीदार कोण? बाबागाडी ढकलणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या कानात गाणी चालू होती. कालव्यातल्या बगळ्याला तर कुणी विचारणार नव्हतं. लेक आज सकाळी सहालाच आली, चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, “बाबा, तुम्हाला जास्त काही बोलायचं नाहीये. घंटी वाजली नव्हती, एवढंच सांगायचं. वाजली असती तर तुम्ही आईला सांगितलं नसतं का? तुम्ही? तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर लोकांच्या डोक्यावरून लोखंड जात होतं, ते तुम्ही?” आणि मग तिचा आवाज फुटला. दोन महिने झाले, ही पोरगी रडत नाही, चिडते. सायकलवालीवर चिडते, डॉक्टरवर चिडते, ट्रॅक बांधणाऱ्या नगरपालिकेवर चिडते. बापावर मात्र एक शब्द नाही. बाप म्हणजे तिच्या लेखी खुंटा हलवून पक्का केलेला. तिच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत त्यानं चपला चढवल्या आणि “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणाला. ट्रॅकवर येतोय हे त्यालाही फाटकाशी आल्यावर कळलं. त्या दिवसानंतर तो इथे पहिल्यांदाच येत होता.

तसा हा ट्रॅक म्हणजे काही विशेष नाही. कालव्याच्या काठानं गेलेली तीन-साडेतीन किलोमीटरची डांबरी पट्टी. फाटकावरच्या पाटीवर ‘बहुउपयोगी मार्गिका’ असं भारदस्त नाव आहे, पण ते आजवर कुणाच्या तोंडी आलेलं नाही. मधोमध पांढरा पट्टा. कालव्याच्या बाजूला चालणारे, रस्त्याच्या बाजूला सायकली. म्हणजे जाताना चालणाऱ्यांनी डावीकडे राहायचं. धावणारे, चाकांच्या बुटांवरची मुलं, काठी टेकत जाणारे म्हातारे, कुत्र्यांमागे ओढली जाणारी माणसं, सगळे त्यातच मावतात. दर शंभर मीटरवर जमिनीवर आकडा रंगवलाय. बायकोचा आवडता आकडा चौदाशे, कारण तिथे बाक होता. “चला, चौदाशे आले, बसा आता,” असं ती स्वतःसाठी न म्हणता त्याच्यासाठी म्हणायची आणि आधी स्वतः बसायची. आज तो बाकापाशी आला तेव्हा बाकावर दोन कॉलेजातल्या मुली एका मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या. त्याला बघून एक सरकली आणि “बसा ना आजोबा,” म्हणाली. त्यानं हातानंच नको म्हटलं. बाकावर आता दोन माणसं बसतील एवढी जागा होती, आणि त्याला नेमकं तेच सोसेना.

सिग्नलमन हे काही त्याचं टोपणनाव नव्हतं, नोकरीच ती होती. बंदरावर मोठी क्रेन असते, तिच्या केबिनमध्ये ऐंशी फुटांवर ऑपरेटर बसलेला असतो, आणि गंमत म्हणजे ज्याच्या हातात सगळं आहे त्यालाच खालचं धड दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला सिग्नलमन. तोंड ऑपरेटरकडे, मान वर, हातात वॉकीटॉकी. आता, समोरासमोर उभं राहिलं की आपला उजवा तो त्याचा डावा. सिग्नलमननं आपलं डावं-उजवं विसरायचं आणि त्याचं बोलायचं, हा त्या कामातला पहिला धडा. आपल्या उजवीकडे माल न्यायचा तर म्हणायचं ‘डावीकडे’. पहिल्या महिन्यात डोकं भणभणतं. वर्षभरानं अंगवळणी पडतं. त्यापुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही. त्याच्या बाबतीत असं झालं की जगातला प्रत्येक माणूस त्याच्या समोर, ऐंशी फुटांवर, तोंड करून बसलेला आहे असं त्याच्या जिभेनं ठरवून टाकलं. शेजारी चालणाऱ्यालाही तो उजवीकडे दाखवून ‘डावीकडे’ म्हणायचा. टॅक्सीत मागे बसून डावीकडे म्हणायचा, टॅक्सी डावीकडे वळायची, आणि हा चिडून म्हणायचा, “अहो, डावीकडे म्हटलं ना!” कामावर मात्र या जिभेनं कधी दगा दिला नाही. तीस वर्षांत त्याच्या शब्दाखाली कुणाचं नखसुद्धा मोडलं नाही. निरोपाच्या दिवशी ऑपरेटर खाली उतरून आला, गळ्यात पडला आणि म्हणाला, “वर बसून मी कधी खाली बघितलंच नाही रे. तुझं ऐकलं फक्त.”

घरी हे सगळं निस्तरलं तिनं. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती गोंधळायची. डाव्या फडताळातला डबा दे म्हटलं की डावं फडताळ उघडायची आणि बोलणी खायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आली गोम. त्यानंतर ती कधी चुकली नाही. तो डावं म्हणाला की तिचा हात आपोआप उजवीकडे जायचा, जराही न अडखळता. टॅक्सीत बसल्याबसल्या ती पुढे वाकून सांगायची, “दादा, हे जे सांगतील ना, त्याच्या बरोबर उलट घ्या. आपण व्यवस्थित पोचू.” लेकीला तिनं शाळेत घालायच्या आधी हे शिकवलं. जावयाला साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे पोट धरून हसायचे, आणि तोही हसायचा; पण खरं सांगायचं तर त्याला त्यात एक सुख होतं. आपण कसंही बोलावं आणि जगात एका माणसाला ते सरळ ऐकू यावं, यापेक्षा जास्त माणसाला काय हवं असतं? हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं. आता दिवसातून दहा वेळा त्याला काही ना काही तिला सांगायचं आठवतं, आणि प्रत्येक वेळी त्या रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तो उभा राहतो, येड्यासारखा.

मग ते वाक्य आलं. काही भांडण नाही, काही नाही. पलंगाची चादर घालत होते दोघं, तो म्हणाला डावं टोक ओढ, तिनं उजवं ओढलं, चादर सरळ बसली, आणि उशीला खोळ घालताघालता ती म्हणाली, “माझ्यामागं कसं व्हायचं तुमचं? तुमचं उलटं कोण सुलटं करून घेणार?” सहज म्हणाली. हसतच म्हणाली. पण त्या आठवड्यात तिचा रक्तदाब वाढला होता, गोळी बदलली होती, आणि त्याला ते वाक्य लागलं. रात्री पडल्यापडल्या त्यानं ठरवलं की हे आपण सुधारायचं. तिच्या डोक्याला एवढा तरी ताप कमी. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गुपचूप सराव सुरू केला. न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून डाव्या हातानं डाव्या मांडीवर थाप मारायची आणि पुटपुटायचं, डावं, डावं, हे माझं डावं. जिन्यात, किराणा आणायला जाताना, दाढी करताना. एकदा तिनं बाहेरून विचारलंही, “काय हो, कुणाशी बोलताय?” तो म्हणाला, “कुणाशी नाही.” चौसष्टाव्या वर्षी पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखा तो वीस-बावीस दिवस ते घोकत होता. तिला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. त्याला तिला चकित करायचं होतं. एखाद्या दिवशी, ऐन वेळी, पटकन बरोबर बोलायचं आणि तिचं तोंड बघायचं. एवढीशी हौस, आणि तिच्यापायी काय होऊन बसलं.

बावीसशेच्या आकड्यापुढे ट्रॅक रस्त्याच्या पुलाखालून जातो. तिथे वळण आहे, आणि पुलाच्या सांध्यातून पाणी ठिबकून कालव्याच्या बाजूला बारमाही डबकं साचतं. मग चालणारे पांढरा पट्टा ओलांडतात, एकामागून एक, आणि डबकं संपलं की परत आपल्या बाजूला येतात. सगळेच तसं करतात. नगरपालिकेलाही ते माहीत असावं, कारण तिथे तिनं ‘सावकाश’ असं लिहून ठेवलंय आणि हात झटकलेत. त्या दिवशी बायको पुढे होती, तो चार पावलं मागे. समोरून बाबागाडीवाल्या बाई येत होत्या, त्या थांबल्या होत्या. ती डबक्याच्या शेवटाशी पोचली होती, पट्ट्यावरच होती, आणि मागून घंटी वाजली. दोनदा. ट्रिंग ट्रिंग, मध्ये जराशी जागा सोडून, सभ्यपणे, कुणी दार वाजवावं तशी. त्याला ती अजून कानात ऐकू येते. कितीदा आली याचा हिशेब नाही. त्यानं वळून पाहिलं: सायकल लांब होती, आपल्या बाजूला होती, वेगही बेताचा. काहीही घाई नव्हती. कालव्याच्या बाजूला एक पाऊल टाकलं की झालं. आणि त्याला आठवलं. आनंद झाला त्याला त्या क्षणी! ही गोष्ट तो अजून स्वतःजवळही नीट कबूल करत नाही, पण झाला. जीभ उजवीकडे म्हणायला वळत होती, त्यानं तिला पकडलं, डावा हात मांडीवर आपटला आणि मोठ्यानं, स्पष्ट, बरोबर म्हणाला, “डावीकडे!”

ती उजवीकडे गेली. मागे वळूनही न बघता, चटकन, दोन पावलं. एकतीस वर्षांत ती इतक्या विश्वासानं इतक्या वेळा गेली होती की तिच्या पायांनी विचारायचं सोडून दिलं होतं. सायकलवालीनं ब्रेक दाबले, हँडल आणखी रस्त्याच्या बाजूला ओढलं, म्हणजे नेमकं ती जात होती तिकडेच. धक्का तसा मोठा नव्हता. पण बायको कडेच्या दगडावर डोक्यावर पडली. तिची एक चप्पल डबक्यात गेली, आणि सिग्नलमन, त्याला काय सुचलं कोण जाणे, आधी ती चप्पल काढायला वाकला.

एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. दोनदा शुद्धीवर आली. पहिल्यांदा लेकीला म्हणाली, गॅस बंद केलास का. दुसऱ्यांदा तो एकटाच होता. तिनं डोळे उघडले, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि कपाळाला बारीक आठी घालून, हिशेब न जुळल्यावर घालायची तशी, म्हणाली, “मी नेहमीसारखंच केलं हो.” त्यात तक्रार नव्हती. ती विचारत होती. तिला कळत नव्हतं की नेहमीसारखं केल्यावर असं कसं झालं, आणि ज्याला कळत होतं तो तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “हो गं. बरोबरच केलंस तू. पड आता.” तिनं डोळे मिटले. सांगायला अख्खी दुपार होती. नर्स येऊन सलाइन बदलून गेली, शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला भेटायला माणसं आली, गेली, खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सायकलवाली चुकली नाही, ती चुकली नाही, आणि तोही, आता काय म्हणावं, आयुष्यात एकदाच बरोबर बोलला. हे कुणाला समजावून सांगायचं? चौकीत सांगायचं? लेकीला सांगायचं, की तुझ्या आईला मी सुधारून मारलं? घंटी वाजली म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच: मग तुम्ही काय केलंत? घंटी वाजलीच नाही, तर त्यानं काही केलंच नाही. किती सोपं होतं. लेकीनं नकळत त्याला उघडं दार दाखवलं होतं.

तो पुलाखाली येऊन थांबला. डबकं होतं तिथेच होतं. वरून ट्रक गेला की सगळा पूल घुमायचा आणि चार थेंब जास्त पडायचे. कडेच्या दगडाकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यानं बघितलं, आणि दगड नुसता दगड होता. “काका?” मागून कुणीतरी म्हणालं. वळून पाहिलं तर सायकल हातात धरून ती सायकलवाली उभी होती. तिशीतली, बारीक अंगाची, सायकलच्या मागे निळा डबा बांधलेला. ती एका प्रयोगशाळेत होती; घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची आणि आठच्या आत पोचवायची. हे सगळं त्याला लेकीच्या चिडण्यातून कळलं होतं. त्याला वाटलं पळावं.

“मी ओळखलं तुम्हाला,” ती म्हणाली. “मी हल्ली इथून चालवत नाही. उतरते आणि ढकलत नेते. रोज. मी घरी येणार होते. दोनदा तुमच्या मुलीला फोन केला, त्यांनी ठेवून दिला. त्यांचं बरोबरच आहे.”

“तिचा स्वभाव तापट आहे,” सिग्नलमन म्हणाला. आपण लेकीच्या वतीनं माफी मागतोय की काय, असं त्याला वाटलं.

“नाही हो, काका. माझी आई असती तर मीही ठेवला असता.” तिनं हँडलवरचा हात काढून ओढणीला पुसला. “मला एकच विचारायचं होतं. रागावू नका. मी घंटी वाजवली होती का?”

त्यानं हँडलवरच्या घंटीकडे पाहिलं.

“सुरुवातीला मी छातीठोक सांगत होते, वाजवली, दोनदा वाजवली. मग सगळे विचारायला लागले. कुठून वाजवली, किती लांबून, त्यांनी का नाही ऐकली मग. वकील विचारतात, ऑफिसात विचारतात. आता मी आठवायला गेले की एकदा वाजते, एकदा वाजतच नाही. माझा अंगठा तिथे होता का तेच आठवत नाही. आई म्हणते, वाजवली म्हणूनच सांग, नोकरी जाईल. पण माणूस गेलंय हो, काका. न वाजवता वाजवली कसं म्हणू?” तिचे डोळे कोरडे होते, बरेच दिवस नीट न झोपलेल्या माणसाचे असतात तसे, कडांना लाल. “तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगाल ते मी मानेन. कुणाला सांगायचं नाही, फक्त मला सांगा.”

वरून ट्रक गेला. पूल घुमला. तेवढा वेळ त्याला मिळाला, आणि तेवढ्या वेळात त्याला सगळं स्वच्छ दिसलं. समोर उभं राहून एक माणूस त्याच्या तोंडाकडे बघत होतं, त्याला स्वतःचं खालचं काही दिसत नव्हतं, आणि हा जे म्हणेल तेच तिच्यासाठी खरं होणार होतं. हो म्हण, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोनदा वाजली म्हण. एवढ्याशानं ही पोरगी सुटेल. मग त्याला लेकीचे पाठमोरे खांदे दिसले, आणि त्या खांद्यांवरून ती हळूहळू वळतेय असं दिसलं, त्याच्याकडे तोंड करून.

“नाही,” तो म्हणाला. “वाजली नाही.” आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून, “वाजली असती तर मी तिला सांगितलं नसतं का?”

तिनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी ढिलं पडलं, आणि त्याला भयंकर वाटलं ते हे की त्यात सुटका होती. “बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे, बरं नाही. पण एकदाचं कळलं. मी उद्या जाऊन तसं लिहून देते, तुम्हाला उगाच त्रास नको. थँक्यू काका.” तिनं वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि सायकल ढकलत निघाली, चालणाऱ्यांच्या बाजूनं, डबक्यातून, पाय भिजवत.

पंधरा-वीस पावलं ती गेली असेल. “थांबा!” तो ओरडला. केवढ्यानं ओरडला! क्रेनखालचाच आवाज तो, पुलाखाली दुमदुमला. ती वळून उभी राहिली. त्याचं तोंड उघडं होतं, वाक्य जिभेवर होतं, सबंध, सरळ, चार शब्दांचं. ती वाट बघत होती.

“मागच्या चाकात हवा कमी आहे तुमच्या,” सिग्नलमन म्हणाला.

तिनं वाकून चाक दाबून पाहिलं. “हो की,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसल्यासारखी दिसली. “किती लक्ष असतं हो तुमचं, काका.”